दम लागला : होय

२०४१ सालच्या गौरीपूजनाच्या दिवशी दुपारी पावणेपाचला आमच्या सांगलीच्या घरी रुग्णवाहिका आली. कोणी बोलावली नव्हती. निळ्या कपड्यांतली एक बाई आणि एक पुरुष ऑक्सिजनची टाकी घेऊन धाडधाड जिना चढून वर आले आणि दारातच थबकले. आत आम्ही अकरा जणी नऊवारी नेसून, अंबाडे सुटलेल्या अवस्थेत, फरशीवर फतकल मारून बसलो होतो. मी शेजारच्या सुनेच्या खांद्यावर डोकं टाकून हसत होते. हसणंही असं की आवाज फुटत नव्हता, नुसतं पोट हलत होतं.

“पेशंट कुठायत?” बाईंनी विचारलं.

दहा बोटं माझ्याकडे वळली.

“मीच ती,” मी डोळे पुसत म्हटलं. “पण मला काही झालेलं नाही हो. मी फुगडी घातली.”

“आजी, बोलू नका. श्वास घ्या,” ती म्हणाली, आणि माझ्या नाकात नळी बसलीसुद्धा.

बहात्तर वर्षांच्या आयुष्यात मला ‘श्वास घ्या’ असं सांगणारे पुष्कळ भेटले. त्या दिवशी मात्र मी तो पोटभर घेत होते, आणि नेमकं तेच कोणाला पटत नव्हतं.

हे असं का झालं ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

मला सहाव्या वर्षापासून दमा. आमच्या लहानपणी, तासगावात, दम्याला औषधापेक्षा उपायच जास्त होते. अडुळशाचा काढा होता, रुईच्या पानांचा शेक होता, मोरपिसाची राख मधातून चाटवत. गादीची वळकटी करून तिला टेकून बसल्या बसल्या झोपायचं. इतर मुली पळत, मी त्यांच्या चपला सांभाळत असे. पुढे पंप आला, पण पंप म्हणजे शेवटचं औषध, एकदा लागला की सुटत नाही, असं लोक दबल्या आवाजात बोलत. म्हणून मी तो तांदळाच्या डब्यात लपवत असे. मला बघायला वाटव्यांकडची मंडळी आली तेव्हा वडिलांनी एवढंच सांगितलं, “हेमाला थंडी जरा बाधते.”

लग्नानंतरची माझी पहिली गौर १९९० सालची. माझी नणंद उज्ज्वला तेव्हा अठरा वर्षांची, कबड्डीत जिल्ह्याला खेळलेली. तिनं सगळ्यांसमोर माझे हात धरले. “चल वहिनी, बघू माहेरी काय शिकवलंय!” नवी नवरी नाही कसं म्हणणार? सात फेरे मी कसेबसे घेतले. आठव्याला माझ्या छातीत शीळ वाजली, हात सुटले, मी भिंतीला टेकून खाली बसले आणि उज्ज्वलावन्सं जाऊन आदळल्या दाराच्या चौकटीवर. त्यांच्या पुढच्या दाताचा तुकडा पडला. माझा दमा आणि त्यांचा दात, दोन्ही एकाच क्षणी उघडे पडले.

पहिलं वर्षभर मी ‘फसवून दिलेली’ होते. नंतर वन्संनी मत बदललं. “दमा-बिमा काही नाही. कामाच्या वेळी बरा उठतो? नाटकं आहेत सगळी.” त्या पुढे मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई झाल्या, गळ्यात शिट्टी घालून तीस वर्षं मैदानावर उभ्या राहिल्या. ज्याला पळता येत नाही तो आळशी, असा त्यांचा हिशेब साधा होता. लग्न त्यांनी केलं नाही. सहा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले, त्याच्या पुढच्या महिन्यात वन्सं दोन बॅगा घेऊन दारात उभ्या. “एकटी राहिलीस तर नाटकं कोणाला दाखवशील?” असं म्हणून आत आल्या. तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र राहतो, आणि भांडायला दोघींनाही दुसरं कोणी उरलेलं नाही.

गेल्या जानेवारीत मिरजेच्या श्वसन संशोधन केंद्रात नव्या उपचाराच्या चाचणीसाठी माणसं घेत होते. डॉक्टर सानिया बागवान म्हणून पस्तिशीतल्या बाई तिथे प्रमुख. त्यांनी मला जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते.

श्वासनळ्यांच्या आत पेशींचं अस्तर असतं. धूळ, धूर, परागकण, थंड वारा रोजच त्यावरून जातात. निरोगी माणसाचं अस्तर तिकडे लक्ष देत नाही. दमेकऱ्याच्या अस्तराला मात्र त्यात शत्रू दिसतो. ते घाबरून एक रेणू सोडतं, म्हणजे धोक्याचा निरोपच पाठवतं. निरोप पोचला की सूज आणणाऱ्या पेशी धावून येतात, नळीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि मोकळी वाट सुतळीएवढी होते. जुनी औषधं आवळलेली नळी सैल करत, नाहीतर आलेली सूज उतरवत. नवं औषध निरोप्यालाच वाटेत गाठतं. सहा महिन्यांतून एक सुई, बस्स.

दुसरी गोष्ट होती टिकली. खरं नाव लांबलचक होतं, पण आम्ही सगळे पेशंट तिला टिकलीच म्हणत असू. गळ्याच्या खालच्या खळग्यात चिकटवायची, शरीराच्या उबेवर चालणारी. दमा अचानक उठतो असं आपल्याला वाटतं, पण तो दोन दिवस आधीपासून तयारी करत असतो. श्वास सोडायला किंचित जास्त वेळ लागतो, झोपेत कोरडा खोकला वाढतो, नळीत आपल्या कानाला ऐकू न येणारी बारीक शीळ सुरू होते. टिकली ते ऐकते आणि उद्याचा दमा आज सांगते. सगळ्यांत वाईट खूण वेगळीच. वाजणारी शीळ एकाएकी थांबली, तर समजायचं की शीळ वाजायलाही हवा उरलेली नाही. असं झालं की टिकली कोणाला विचारत बसत नाही. ती सरळ रुग्णवाहिका पाठवते.

चाचणीचे नियम कडक होते. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी. कोणाला काय, हे मलाही माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नाही. वर्ष पुरं केलं की सगळ्यांना पाच वर्षं खरं औषध. पण मधे दोन तीव्र झटके नोंदले गेले, तर ते माणूस चाचणीतून बाहेर. त्याला पुन्हा जुन्या गोळ्या. त्या गोळ्यांनी माझा चेहरा सुजायचा आणि हाडं ठिसूळ झाली होती. माझा एक झटका फेब्रुवारीतच नोंदला गेला होता, शिवारात उसाचं पाचट पेटवलं होतं त्या आठवड्यात. म्हणजे माझ्या हाती एकच उरला होता.

टिकलीचा निरोप घरातल्या एका माणसाच्या फोनवर जातो. घरात दुसरं माणूस एकच. वन्सं कुरकुरत तयार झाल्या आणि आठवड्याभरात त्यांना त्याचं वेडच लागलं.

“वहिनी, जिन्यात का थांबलीस?” त्या मंडईतून फोन करत.

“शेजारीण भेटली.”

“चार मिनिटं? श्वास तर जोरात चाललाय. कोणाची निंदा चालली होती?”

“तुमचीच.”

“मग चालू दे.”

मार्चपासून माझा श्वास सुधारत गेला. मे महिन्यात मी गणपती मंदिरापर्यंत चालत गेले. जुलैत भर पावसात गच्चीवरचे कपडे काढायला पळाले आणि वर पोचल्यावर लक्षात आलं, की मी पळाले. तिथेच भिजत उभी राहिले. फोन वाजला. “वहिनी, रडतेयस की हसतेयस? या यंत्राला काही कळत नाहीये.” मलाही कळत नव्हतं.

तेव्हाच ठरवलं, यंदाच्या गौरीला फुगडी घालायची.

ज्यांनी घातली नाही त्यांच्यासाठी सांगते. फुगडी नुसती पायांची नसते. हातांची फुली करून एकमेकींचे हात धरायचे, पावलं जुळवायची, मागं झुकायचं आणि फिरायचं. वेग आला की तोंडानं ठेका धरायचा. फू, पक्, फू, पक्. त्याला पकवा म्हणतात. बायकांचा वाद्यवृंदच तो, हवेवर वाजणारा. पकवा घालता येणं ही माझी आयुष्यभराची हौस होती, कारण त्याला श्वास सोडावा लागतो, आणि तोच माझ्याकडून नीट सुटत नसे.

त्या दुपारी मी पदर खोचला तेव्हा वन्सं सोफ्यावरून म्हणाल्या, “माझे हात मिळायचे नाहीत हं. आहेत तेवढे दात मला पुरेत.”

“मागितलेत कोणी?” मी म्हटलं आणि शेजारच्या सुनेचे हात धरले.

सात झाले. आठवा झाला. मग मी मोजायचं सोडलं. पकवा माझ्या तोंडातून असा सुटला की मला माझाच आवाज ओळखू येईना. भोवतीच्या सगळ्याच जणी फू-पक् करू लागल्या. अखेर आम्ही दोघी एकमेकींवर कोसळलो आणि मला ते बिनआवाजाचं हसू आलं. पाऊण मिनिट तरी माझ्या छातीतून काही आवाज निघाला नसेल.

टिकलीनं काय ऐकलं असेल ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. धावता श्वास, मग मिनिटाला शंभर-सव्वाशे शिट्ट्या, आणि मग एकदम सामसूम.

रुग्णवाहिकेतल्या बाईंनी मला तपासलं, ऑक्सिजन भरपूर निघाला, त्याही गोंधळल्या. पण त्यांना फॉर्म भरायचा होता, आणि पेशंटला बोलायची मनाई असल्यामुळे तो घरच्या माणसाला विचारायचा होता. घरचं माणूस म्हणजे वन्सं. त्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

“आजींना दम लागला होता का? होय की नाही?”

“लागला ना! चांगला सडकून लागला. आम्हा सगळ्यांनाच लागला.”

बाईंनी हातातल्या डिजिटल पाटीवर बोट टेकवलं. होय.

“श्वासाचा त्रास आधीपासून आहे?”

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी नळीसकट मान हलवत होते, नाही म्हणा, नाही म्हणा. एक्कावन्न वर्षं हजार वेळा म्हटलेलं वाक्य त्यांनी फक्त एकदा म्हणायचं होतं.

“आहे,” त्या म्हणाल्या. “खूप वर्षं आहे. फार होतो बिचारीला.”

होय.

चौथ्या दिवशी डॉक्टर सानियांचा फोन आला. आवाज नेहमीसारखा नव्हता. “काकू, तुमचा दुसरा तीव्र झटका नोंदला गेलाय. यंत्राची नोंद आहे आणि घरच्या साक्षीदाराची पण आहे. चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीचं पत्र आलंय, तुम्हाला कमी करायचं म्हणून.”

“अहो, ती फुगडी होती!”

“समिती परगावची आहे, काकू. पाच जण आहेत आणि पाचही पुरुष. त्यांना आलेख दिसतो. आलेखात फुगडी दिसत नाही.”

मी फोन ठेवला आणि मार्चनंतर पहिल्यांदाच जिना उतरायची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेची बस धरली. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या. विश्रामबाग गेलं. शेवटी मीच तोंड उघडलं.

“वन्सं, एवढी वर्षं सगळ्या गावाला सांगत फिरलात, हिची नाटकं आहेत. त्या दिवशी एकदा म्हणायला काय झालं होतं?”

“नळी बघितली ना ग नाकात.” त्या अजून बाहेरच बघत होत्या. “मला वाटलं, या वेळी खरंच आहे.”

“या वेळी?”

“बरं बाई, प्रत्येक वेळी होतं. झालं समाधान? मला त्या फोनवर सगळं दिसतं. फेब्रुवारीत तू गादीवर उठून बसलेलीस आणि मी शेजारच्या खोलीत ते आकडे बघत होते. माणूस असं कसं जगतं, असं वाटलं मला.” मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. “पण म्हणून दात विसरलेय असं समजू नकोस.”

केंद्रात पोचताच वन्संनी डॉक्टरांच्या टेबलावर हात टेकले. “मी साक्ष मागं घेते. मी खोटं बोलले.”

“मावशी, तुम्ही खरंच बोललात. तीच अडचण आहे,” सानिया म्हणाल्या. त्यांनी फॉर्म पडद्यावर काढला. “हा मूळ प्रश्न इंग्रजीत होता. भाषांतर करणाऱ्यानं लिहिलं, ‘दम लागला का?’ आता मराठीत जिना चढला तरी दम लागतो, फुगडी घातली तरी लागतो, आणि दमा उठला तरी लोक तेच म्हणतात. एका शब्दानं तीन माणसं एका रांगेत उभी केलीत. हे मला आधी दिसायला हवं होतं. चूक माझी आहे.”

“मग सांगा ना समितीला.”

“सांगितलं. ते म्हणतात, शब्दाचं सोडा, आवाजाचं काय? टिकलीनं शीळ ऐकली.” त्या खुर्चीत पुढे सरकल्या. “दोन वाटा आहेत, काकू. मी लेखी विनंती करते, ती मान्य होईल किंवा होणार नाही. नाहीतर आपण इथे सिद्ध करून दाखवू. आधी यंत्रात फुंकायचं, मग तशीच फुगडी घालायची, आणि पाच, दहा, वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. दम्याची शीळ असेल तर फुंकीचा आकडा खाली येईल. पकवा असेल तर येणार नाही. तुलनेला एक निरोगी माणूसही लागेल, त्यांनाही टिकली लावू.”

“आणि माझा आकडा खाली आला तर?”

“तर झटका खरा ठरेल. मग मला काही करता येणार नाही.”

त्या आठ महिन्यांत माझ्या अंगात औषध होतं की मिठाचं पाणी, हे मला ठाऊक नव्हतं. मिठाचं पाणी असलं आणि गौरीला नुसत्या उत्साहावर निभावलं असलं, तर आज सगळं उघडं पडणार होतं. विनंतीअर्ज सोपा होता. घरी जाऊन वाट बघायची. वाट बघण्याची तर मला सवयच होती. सगळं बालपण मी चपला सांभाळत वाट बघितली होती.

“फुगडी घालते,” मी म्हटलं. “पण कोणाबरोबर? तुम्हाला येते?”

“शाळेत यायची,” सानिया हसल्या. “पण मी परीक्षक आहे, मला घालून नाही चालणार.”

वन्सं उठल्या. चपला काढल्या. पदर खोचला. “निरोगी माणूस हवंय ना? तीस वर्षं मैदानात काढलीत मी. लावा ती टिकली.”

“वन्सं, तुमचे दात...”

“गप्प बस आणि फुंक.”

फुंकायचं यंत्र म्हणजे एक नळी, तिच्यात एका दमात सगळी हवा जोरानं सोडायची. पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली ते महत्त्वाचं. सानिया सौम्य आवाजात “फुंका, फुंका” म्हणू लागल्या तेव्हा वन्संना ते सहन झालं नाही. त्या माझ्या कानाशी येऊन मैदानावरच्या आवाजात ओरडल्या, “फुंक! अजून! अजून! पोटातलं काढ! काय जेवली नाहीस का सकाळी?” बाहेरच्या बाकावरचे तीन पेशंट दार उघडून डोकावले. माझा आकडा आला एक पूर्णांक सहा. वन्संचा दोन पूर्णांक एक, आणि त्यांनी तो मला दोनदा वाचून दाखवला.

टेबल एका भिंतीला लावलं, दुसरीला गादी लावली. आम्ही हातांची फुली केली. वन्संचे हात मला आठवत होते त्यापेक्षा लहान होते, आणि गार.

“सोडू नकोस हं,” त्या पुटपुटल्या.

“तुम्हीच सोडू नका.”

पहिले फेरे आम्ही दोन म्हाताऱ्यांसारखे घेतले, फरशी चाचपत. मग वन्संनी पावलं पुढे रेटली, माझी कंबर मागं झुकली आणि खोली फिरू लागली. पडदे, खिडकी, डॉक्टर, पडदे, खिडकी, डॉक्टर. फू, पक्. सात. फू, पक्. आठवा फेरा आला आणि निघूनही गेला. वन्सं डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनीही पकवा धरला, माझ्या दोन ठेक्यांच्या मधे त्यांचा एक. तिकडे सानिया हातातली पाटी विसरून टाळ्या वाजवू लागल्या होत्या. “मिनिट झालं! काकू, बास! काकू, बास झालं!” पण थांबायचं कसं, ते आम्हा दोघींनाही आठवेना. शेवटी भिंतीला लावलेल्या गादीवर जाऊन पडलो, हात हातातच.

पाच मिनिटांनी मी फुंकलं. एक पूर्णांक सहा. दहा मिनिटांनी तेच. विसाव्या मिनिटाला थोडा वरच गेला.

समितीचं उत्तर यायला नऊ दिवस लागले. झटका रद्द झाला, माझी जागा राहिली. फॉर्ममधल्या एका प्रश्नाचे दोन प्रश्न झाले, ‘श्रमानं दम लागला का?’ आणि ‘दमा उठला का?’ टिकलीला नवे आवाज शिकवायचे ठरले आणि त्यांच्या यादीत शिंक, उचकी, घोरणं यांच्याखाली ‘पकवा’ असं मराठीतच लिहिलं गेलं. माझ्या सुईत काय होतं ते संक्रांतीच्या सुमारास कळेल. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी मिरजेत आणखी एक गोष्ट घडली.

वन्संची पाच मिनिटांची फुंक आली एक पूर्णांक नऊ. दहा मिनिटांची एक पूर्णांक सहा.

“यंत्र बिघडलं तुमचं,” वन्सं म्हणाल्या आणि खोकू लागल्या.

सानियांनी यंत्र पुसून पुन्हा फुंकायला लावलं. एक पूर्णांक सहा. त्यांनी वन्संच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. आणि मग वन्संच्या टिकलीचा आवाज मोठा करून ऐकवला. एक बारीक, लांब शीळ. मला ती ओळखायला यंत्र लागलं नसतं. सहासष्ट वर्षं मी तिच्यासोबत राहिले होते.

“मावशी, हा खोकला कधीपासून?”

“हा मैदानाचा खोकला आहे. धुळीचा. पीटीच्या सगळ्या बायकांना असतो.”

“किती वर्षं?”

“असेल सत्तावीस-अठ्ठावीस.”

“पळाल्यावर वाढतो?”

वन्संनी खोचलेला पदर सोडून नीट केला. सानिया त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसल्या. “मावशी, तुम्हाला दमा आहे. सौम्य आहे, पण दमाच आहे. इतकी वर्षं तुम्ही तो शिट्टीखाली दाबून ठेवलात.”

वन्संनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर खाली केली. त्यांना ठाऊक होतं मी काय म्हणणार आहे. एक्कावन्न वर्षं ते वाक्य माझ्याकडे तयार होतं, फक्त म्हणायची संधी मिळाली नव्हती.

“वन्सं,” मी म्हटलं, “नाटकं पुरे.”

आधी सानिया हसल्या. मग वन्सं हसायला लागल्या आणि खोकल्यात अडकल्या. डोळ्यांतून पाणी, चेहरा लाल, हातानं मला चापट मारायचा प्रयत्न. सानियांनी कपाटातून पंप काढून पुढे केला.

“नको ग बाई. पंप लागला की सुटत नाही,” वन्सं कशाबशा म्हणाल्या.

“कोणी सांगितलं?” मी विचारलं.

“तुझा दमा उघडकीला आला तेव्हा सगळे म्हणत होते.”

“डॉक्टर, द्या इकडे,” मी म्हटलं. हे काम मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी पंप हलवला, वन्संची हनुवटी वर केली. “आधी आहे ती हवा सगळी सोडा. सगळी. फुंका, काय जेवला नाहीत का सकाळी? आता ओठ मिटा याच्यावर. मी दाबते, तुम्ही सावकाश ओढा. सावकाश म्हटलं, ही कबड्डी नाही. हां. आता धरून ठेवा. एक, दोन, तीन...”

सहाला त्यांनी हात हलवला. मी तो हात धरून खाली ठेवला. आठला त्या डोळे वटारून माझ्याकडे बघू लागल्या.

“...नऊ, दहा. सोडा.”

त्यांनी सोडला. पुन्हा एकदा तसंच केलं, आणि मग आम्ही तिघी नुसत्या बसून राहिलो. काही मिनिटं गेली. वन्संचे खांदे हळूहळू खाली आले. त्यांनी एक श्वास घेतला, मग आणखी एक, जरा जपून, नवं लुगडं अंगाला लावून बघावं तसा. तिसरा त्यांनी इतका खोल घेतला की मधेच चकित होऊन थांबल्या.

“अगं वहिनी,” त्या म्हणाल्या, “एवढी हवा असते?”

“असते,” मी म्हटलं. “घ्या अजून.”